सचिवांचा वाढीव हंडा

मला कळायला लागलं तेव्हापासून मी पाणी पितोय आणि मुततोय. मधल्या वेळात बारावी काठावर पास झालो, लग्न केलं, एक मुलगी झाली आणि गावच्या सहकारी दूध संस्थेत सचिव म्हणून चिकटलो. पण मुख्य धंदा पहिलाच.

आमचं गाव चौसाळ्यापासून आत, डोंगराच्या अंगाला. गावात मला कुणी नावानं हाक मारत नसे, रांजण म्हणत. शाळेत दर अर्ध्या तासाला माझी करंगळी वर जायची. मास्तरांनी पहिल्या वर्षी छड्या मारल्या, दुसऱ्या वर्षी दाराजवळ बसवलं आणि तिसऱ्या वर्षी सांगून टाकलं की विचारायची गरज नाही, उठ आणि जा. माझ्या लग्नात तिसऱ्या मंगलाष्टकाला मी भटजींच्या कानाशी लागून उरकतं घ्या म्हणालो. पाहुण्यांना वाटलं, नवरदेवाला लई घाई झालीय. झालीच होती.

"मामावर गेलाय," एवढंच आई म्हणायची. हा मामा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. मला तो फारसा आठवत नाही. बहात्तरच्या दुष्काळात तो तलावाच्या कामावर माती वाहायला होता आणि तिथंच तापानं गेला, असं सगळे सांगत. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. आई त्या मरणाबद्दल कधी बोलली नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

दवाखाने केले नाहीत असं नाही. बीडच्या निदान चार डॉक्टरांनी माझी साखर तपासली. दर वेळी साखर चांगली निघाली आणि मला घरी पाठवलं. एकानं तर सवय आहे, मन दुसरीकडं रमवा, असा सल्ला दिला. मी मन दूध संस्थेत रमवलं. सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचं, सॅम्पल काढायचं, फॅट लावायची, लॅक्टोमीटर बुडवून कुणी किती पाणी घातलंय ते बघायचं. लॅक्टोमीटर म्हणजे काचेची तरंगती नळी. दूध दाट असेल तर ती वर राहते, पाणी असेल तर खाली जाते. पाणी घालणाऱ्याचं तोंड बघूनही कळतं, पण तोंडाची नोंद करता येत नाही.

मग दोन हजार बाराचा दुष्काळ आला. आधीच्या वर्षी पाऊस हुकला, त्या वर्षी आलाच नाही. विहिरींचा तळ दिसला, बोअरमधून नुसती हवा यायला लागली, अर्धं गाव नेहमीपेक्षा महिनाभर आधीच ऊसतोडीला निघून गेलं. उरलेल्यांसाठी टँकर सुरू झाला. टँकर सरकारी, पण वाटप आमच्या चेअरमनच्या हाती. ते दूध संस्थेचे चेअरमन, सोसायटीचे संचालक आणि संस्थेच्या नावावर काढलेल्या चारा छावणीचे मालकच म्हणा. पांढरे कपडे इतके कडक की बसताना आवाज यायचा. दुष्काळात त्यांच्या कपड्यांना पाणी कुठून मिळायचं, हा प्रश्न गावात सगळ्यांना पडायचा आणि कुणीच विचारायचं नाही.

त्यांनी नियम केला, माणशी एक हंडा. आमच्या घरात माणसं चार. आई, बायको, मी आणि मुलगी. मुलगी बारावीला, डॉक्टर व्हायच्या परीक्षेसाठी बीडला क्लासला जायची, रोज एसटीनं येऊन-जाऊन. चार हंडे मिळायचे. त्यातला एक मी पिऊन टाकायचो. अक्षरशः. उरलेल्या तीन हंड्यांत स्वयंपाक, भांडी, अंघोळ, म्हैस. बायको धुण्याचं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं पाणी म्हशीच्या पेंडीला वापरायची आणि मी मात्र तांब्यामागून तांब्या रिकामा करून भिंतीमागं जाऊन ओतून यायचो. ती तोंडानं काही बोलायची नाही. तांब्या माझ्यासमोर ठेवताना मात्र त्याचा आवाज जरा जास्त व्हायचा.

रांगेतल्या बायका बोलायच्या. त्यांच्या पोरांना तहान लागलेली आणि रांजणाच्या घरी भिंतीमागची जमीन ओली. भर दुष्काळात तिथं कंबरेएवढं गवत उगवलं होतं. गावात दुसरीकडं हिरवं काही नव्हतं, त्यामुळं ते लपवायचं कसं हा प्रश्नच होता. एक दिवस आमच्या म्हशीनं ते खाल्लं आणि प्रश्न मिटला.

शेवटी मला लाज वाटायला लागली. घरातलं पाणी कमी प्यायचं म्हणून मी दुपारी छावणीवर जायला लागलो. छावणीत जनावरांसाठी सिमेंटचे हौद होते, रोज भरायचे. जनावरं चघळत पडलेली असायची. मी वाकून हौदात तोंड घालायचो. पाण्याला शेणाचा आणि लाळेचा वास यायचा, पण वासाकडं लक्ष द्यायला तहान फुरसत देत नाही. चार दिवस हे बरं चाललं. पाचव्या दिवशी मागून चेअरमनचा आवाज आला.

"सचिव, छावणीत तुमची नोंद केली न्हाई आपुन. बिल्ला मारून घ्यायचा का कानाला?"

त्यांच्याबरोबर तालुक्याचे दोन पुढारी होते, छावणी बघायला आलेले. तिघंही हसले. मी हनुवटीवरचं पाणी पुसलं आणि मीही हसलो, कारण दुसरं काही सुचलं नाही. घरी जाताना मी ठरवलं की बास झालं. माणूस म्हणून जन्माला आलोय तर माणसाएवढंच पाणी प्यायचं. मन घट्ट केलं तर काय होत नाही?

काय होतं ते दीड दिवसात कळलं. पहिल्या दिवशी मी चार तांबे प्यालो आणि थांबलो. जीभ टाळूला चिकटली, ओठ फुटले, रात्रभर झोप नाही. चमत्कारिक गोष्ट अशी की लघवी थांबली नाही. आत काही जात नव्हतं तरी बाहेर येतच होतं, स्वच्छ, पाण्यासारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी संकलनाला बसलो तर आकडे दिसेनात. एका म्हातारीच्या दुधाला मी फॅट लावली आणि तिलाच विचारलं की तू कोण. पुढचं मला आठवत नाही. लोक सांगतात की मी स्टुलावरून सरळ दुधाच्या कॅनवर पडलो आणि कॅन आडवा झाला. गावात नंतर कितीतरी दिवस मी वाचलो याच्यापेक्षा दूध सांडलं याची चर्चा जास्त होती.

बीडला नेलं. अंगात ताप होता. तिथं पुन्हा साखर तपासली, पुन्हा चांगली निघाली. डॉक्टरांनी ऊन लागलंय असं सांगितलं आणि सलाईन लावलं. मला गिळता यायला लागल्यावर बायकोनं शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकांकडून, नर्सकडून, खालच्या चहावाल्याकडून मिळेल तिथून पाणी आणून मला पाजलं. दुसऱ्या दिवशी मी उठून बसलो. घरी सोडताना डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं. बायकोनं त्यांच्याकडं असं बघितलं की मला त्यांचीच काळजी वाटली.

पण माझ्या डोक्यात एक गोष्ट राहिली होती. थेंब न पिता लघवी येते तरी कशी, आणि ती पिवळी का होत नाही? उन्हात राबणाऱ्या माणसाची लघवी तेलासारखी होते, हे सगळ्यांना माहीत आहे. माझी कधीच नाही. कामावर परत गेल्यावर कपाटात एक जुना लॅक्टोमीटर दिसला. टोकाला थोडा टवका गेलेला, वापरातून काढलेला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं कुणी ऐकून घेतलं नाही.

मी काचेच्या उंच बरणीत लघवी केली आणि लॅक्टोमीटर सोडला. तो सरळ खाली गेला आणि शून्याला जाऊन टेकला. निव्वळ पाणी. आता ताडून बघायला दुसऱ्या कुणाची तरी पाहिजे होती. दुधाचा टेम्पो घेऊन येणारा ड्रायव्हर माझा जुना दोस्त. दिवसभर उन्हात गाडी चालवायचा, पाणी बेतानं प्यायचा. मी त्याला बरणी दिली आणि काय करायचं ते सांगितलं.

"कावून बे?" तो म्हणाला. मी शास्त्रासाठी म्हणालो. त्यानं माझ्याकडं जरा बघितलं, आडोशाला गेला आणि बरणी आणून दिली. लॅक्टोमीटर टाकला. तीसच्या खुणेवर थांबला. गाईच्या दुधाला आम्ही तेवढीच डिग्री धरतो. ड्रायव्हरची लघवी संस्थेच्या नियमानं पास झाली होती आणि माझी नापास.

त्याला एवढा आनंद झाला की त्यानं वाटेतल्या प्रत्येक गावात ती गोष्ट सांगितली. संध्याकाळपर्यंत ती उलटी फिरून आमच्या गावात आली. येताना तिचं रूप बदललं होतं. आता सचिव दुधात मुतत होते.

चेअरमननी तातडीची मीटिंग बोलावली. सगळे संचालक आले. मी बरणी, टवका गेलेला लॅक्टोमीटर आणि ड्रायव्हर असे तिन्ही पुरावे हजर ठेवले. चेअरमन म्हणाले की संस्थेच्या लॅक्टोमीटरमध्ये सचिवानं मुतल्यामुळं संस्थेची अब्रू गेली. मी नम्रपणे दुरुस्ती केली की लॅक्टोमीटरमध्ये नाही, बरणीत मुतलो. लॅक्टोमीटर नंतर बुडवला. या दुरुस्तीनं माझी बाजू काही सुधारली नाही. एक वयस्कर संचालक, ज्यांनी आयुष्यभर दुधात पाणी घालून मला छळलं होतं, ते मात्र पुढं सरकून मनापासून विचारत होते की नक्की किती डिग्री लागली. ठरलं असं की तो लॅक्टोमीटर सगळ्यांसमोर फोडायचा आणि मला पंधरा दिवस घरी बसवायचं.

घरी बसवलं हे चांगलंच झालं. मुलीनं सगळी हकिकत ऐकली. न हसणारी ती एकटीच. तिच्या क्लासच्या शेजारी किडनीच्या एका नव्या डॉक्टरीणबाईंनी दवाखाना टाकला होता. मुलीनं मला तिथं नेलं. मी पाणी किती पितो वगैरे सांगितलं, बाई लिहीत होत्या. मग मी लॅक्टोमीटरचं सांगितलं. बाईंचं पेन थांबलं. त्या आधी हसल्या, अगदी टेबलावर डोकं ठेवून हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या.

"घरात अजून कुणाला असं आहे?"

मी नाही म्हणालो. मग आठवून म्हणालो की मामा होता, पण तो गेला. बाईंनी आईचा भाऊ का असं दोनदा विचारून खात्री केली आणि मला पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

पुण्यात जी तपासणी केली ती ऐकून मला वाटलं की बाईंनी आमच्या चेअरमनशी काहीतरी संधान बांधलंय. सकाळपासून पाणी बंद. दर तासाला वजन करायचं, लघवी मोजायची, रक्त काढायचं. तिथल्या तरुण डॉक्टरला मी सांगितलं की आमचा आख्खा जिल्हा दोन वर्षं याच तपासणीवर आहे, त्यांचंही वजन करून घ्या. तो हसला, पण पाणी दिलं नाही. चार-पाच तासांत माझं वजन घसरलं, डोकं जड झालं, आणि लघवी पहिल्यासारखीच चालू. मग त्यांनी एक इंजेक्शन दिलं. ते दिल्यावर लघवी कमी झाली पाहिजे होती. झाली नाही. डॉक्टर मात्र खूश झाले आणि मला पाणी प्यायला परवानगी मिळाली. तो पहिला ग्लास मला अजून आठवतो. बिसलरीची बाटली होती, दवाखान्याच्या कँटीनमधली, कोमट.

रक्त पुढच्या तपासणीला गेलं, अहवाल दीड महिन्यानं आला. बीडच्या बाईंनी तो समोर ठेवून मला, मुलीला आणि आईला सगळं समजावलं. आईही आली होती, कारण बाईंनीच तिला आणायला सांगितलं होतं.

त्यांनी सांगितलं ते असं. शरीरातली प्रत्येक पेशी एका पातळ पटलात गुंडाळलेली असते. ते पटल तेलकट, त्यातून पाणी सहजी जात नाही. म्हणून त्या पटलात प्रथिनं बसवलेली असतात. काही प्रथिनं म्हणजे नुसत्या बारीक नळ्या, त्यातून पाणी जातं. काहींचं काम निरोप घ्यायचं. ती बाहेरून आलेला निरोप पकडतात आणि पेशीच्या आत पोचवतात. मूत्रपिंडाच्या शेवटच्या भागातल्या पेशी पाण्याच्या नळ्या कायम पटलात ठेवत नाहीत, आतल्या आत बारीक फुग्यांत भरून ठेवतात. अंगात पाणी कमी पडलं की मेंदूकडून एक संप्रेरक रक्तात सुटतं. ते येऊन निरोप घेणाऱ्या प्रथिनाला चिकटतं, प्रथिन आत कळवतं, आणि मग फुगे पटलाला जाऊन मिळतात. नळ्या लघवीच्या बाजूला बसतात आणि वाया जाणारं पाणी पुन्हा अंगात ओढलं जातं. ड्रायव्हरची डिग्री तीस लागते ती त्यामुळं.

"तुमच्या नळ्या चांगल्या आहेत," बाई म्हणाल्या. "निरोपही येतो. घेणारं प्रथिन जागेवर नाही."

मी विचारलं की मग ते गेलं कुठं. त्या म्हणाल्या, पेशी ते बनवते. पण माझ्या जनुकात एक अक्षर बदललेलं आहे, त्यामुळं त्या प्रथिनाची घडी जरा चुकते. पेशीत माल तपासायची सोय असते. घडी चुकलेला माल आतच अडवला जातो आणि मोडीत काढला जातो, पटलापर्यंत पोचूच देत नाहीत. मी म्हणालो की म्हणजे ते कदाचित चाललंही असतं, पण तपासणाऱ्यानं अडवलं. बाई म्हणाल्या की हो, तसंही असू शकतं. तीस वर्षं लोकांचं दूध तपासण्यात घातलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल ते मी लिहीत नाही.

औषध ऐकून बायकोला वाटणार होतं की बाईंना वेड लागलंय. त्यांनी मला लघवी वाढवायची गोळी दिली. मी त्यांना दोनदा विचारलं. कारण असं की ती गोळी अंगातलं मीठ काढून टाकते, मग मूत्रपिंड घाबरून वरच्या वरच पाणी परत घ्यायला लागतं आणि बिघडलेल्या भागापर्यंत कमी पाणी पोचतं. म्हणून जेवणातलं मीठही तोडायचं. पाणी मात्र कधीही तोडायचं नाही. त्या म्हणाल्या की मी दीड दिवस जे केलं त्यानं जीव जाऊ शकला असता.

तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. तिनं विचारलं की हे दुखणं येतं कुठून. बाईंनी जपून सांगितलं की ते आईकडून मुलाला येतं. बाईमध्ये असलं तरी बहुधा दबून राहतं, थोडी जास्त तहान लागते एवढंच. मामाला ते तिच्या आईकडून आलं आणि मला तिच्याकडून.

आईनं टेबलावरचा अहवाल उचलून पदराखाली धरला. एसटी स्टँडवर आणि गाडीतही तिनं तो सोडला नाही. मुलगी तिला समजावत होती की यात कुणाचा दोष नसतो, अक्षर बदलतं ते आपोआप. आईचं तिकडं लक्ष नव्हतं. मांजरसुंब्याचा घाट चढताना ती खिडकीकडं बघत म्हणाली,

"तलावाच्या कामावर मुकादमानं त्याला माठाजवळ जाऊ द्यायचा बंद केलतं. हावरा म्हनून. तीन दिवस. चौथ्या दिवशी ताप भरला. मीबी तिथंच होते, माती वाहत. मीबी म्हनले त्याला, जरा कळ काढ, लोक हसतेत."

एवढंच ती म्हणाली. चाळीस वर्षं तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीनं तिचा हात धरला. मी काहीतरी बोलणार होतो, पण मला गाडी थांबवायची गरज पडली आणि कंडक्टरशी घासाघीस करण्यात ती वेळ निघून गेली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला तेव्हा आई हंडा न घेताच रांगेत जाऊन उभी राहिली. चेअरमन टँकरच्या पायरीवर होते. तिनं अहवाल आणला होता, तो तिला वाचता येत नव्हता, पण तिनं तो हातात धरला होता. ती आवाज न चढवता बोलली.

"माज्या लेकाला रोग हाय. हावरटपना न्हाई. माज्या भावालाबी ह्योच होता आन् त्याला आपुन मारला. ह्याला मी मरू देनार न्हाई. त्याला दोन हंडे लागतेत, तेवढे द्या."

 मग रांगेतल्या एका बाईनं, जी माझ्या गवताबद्दल सगळ्यात जास्त बोलली होती, आपली रिकामी बादली आईच्या पायाशी ठेवली आणि तिच्यात हंड्यातलं पाणी ओतलं. पाव हंडा असेल. ओतताना तिचं तोंड रागीटच होतं. चेअरमन हे बघून पायरीवरून उतरले. असा प्रसंग वाया घालवणारे ते नव्हते. त्यांनी संध्याकाळी मीटिंग बोलावली, बीडहून एक वार्ताहर बोलावला आणि ठराव मांडला. तो लिहायला सचिव म्हणून मलाच बोलावलं, म्हणजे दोन महिने लांबलेले माझे पंधरा दिवसही एकदाचे संपले. मी माझ्याच अक्षरात लिहिलं की संस्थेच्या सचिवांच्या मूत्रपिंडातील पेशीपटलावरील प्रथिन गैरहजर असल्याकारणाने त्यांना दररोज एक हंडा वाढीव देण्यात यावा. सर्वानुमते मंजूर. गैरहजर हा शब्द चेअरमननी सुचवला. मी तपासणीत अडवलेलं असं सुचवलं होतं, पण त्यांना ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात मला पाण्याचा हंडा देतानाचा त्यांचा फोटो आला. माझं फक्त ढोपर दिसत होतं.

गोळ्यांनी निम्मा फरक पडला. आता मी अर्ध्या हंड्यात भागवतो. बिनमिठाची भाजी खाणं हे पाणी न पिण्यापेक्षा फार वेगळं नाही, पण बायको निदान शांत आहे. ठेचा मात्र ती माझ्यासमोर खाते आणि याबाबतीत तिला दया नाही. पुढच्या वर्षी पाऊस झाला, टँकर बंद झाला, छावणी उठली. आई त्यानंतर पाच वर्षं जगली.

मुलीला डॉक्टरकीला नंबर लागला नाही. ती नर्स झाली, बीडला नोकरीला लागली. तिचं लग्न जमवायची वेळ आली तेव्हा बायको म्हणाली की हे दुखण्याचं कुणाला सांगू नका. बापाकडून हे प्रत्येक मुलीत जातंच आणि तिच्या निम्म्या मुलग्यांत उतरू शकतं, हे तिला माहीत होतं. मी हो म्हणालो. मुलगी नाही म्हणाली. पहिले पाहुणे पाटोद्याकडचे आले, तिनं चहा देतानाच सांगून टाकलं. त्यांनी चहा पूर्ण प्याला आणि परत आले नाहीत. बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, जसं काही मीच सांगितलं होतं.

दुसरे उमापूरचे. रान कॅनॉलखाली, मुलगा शाळेवर मास्तर. मुलीनं त्यांनाही सांगितलं, कागदावर चित्र काढून, पटल, नळी, निरोप, सगळं. मुलाचे वडील चित्राकडं बघत राहिले. मुलाच्या आईनं एकच विचारलं की पोराला झालं तर काय करायचं. मुलगी म्हणाली की पाणी द्यायचं, मागेल तितकं. त्या बाई म्हणाल्या, "मंग त्यात काय एवढं." त्याच बैठकीत सुपारी फुटली.

नातू झाला. त्याच्यात ते आहे. रक्तात कोणतं अक्षर बघायचं ते आधीच माहीत होतं, म्हणून आठव्या दिवशीच कळलं, त्यामुळं ताप येऊन हाल व्हायची वेळ आली नाही. उमापूरच्या विहीणबाई त्याला तासातासाला पाणी पाजतात, रात्री गजर लावून उठतात. अधूनमधून त्यांचा मला फोन येतो. इतकं पाजलं, इतक्या वेळा झाली, रंग असा आहे, बरोबर आहे का? मी सगळं ऐकून घेतो, खाकरतो आणि बरोबर आहे म्हणतो. आयुष्यभर मुतण्यात घातलेल्या माणसाला या विषयात पहिल्यांदाच कुणी सल्ला विचारतंय, तेव्हा फोन ठेवायची मी घाई करत नाही. बाहेर जायची गरज असली तरी.